कमी चाललेली, एकाच मालकाची १९६९ची जीटीओ कशी पारखावी

१९६९ सालची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ विक्रीला निघते तेव्हा जाहिरातीत दोन गोष्टी हमखास ठळक अक्षरांत असतात. गाडी फारच थोडी चालली आहे, आणि शोरूममधून बाहेर पडल्यापासून ती एकाच मालकाकडे आहे. हे दोन्ही दावे खरे असतील तर त्याच सालच्या, त्याच रंगाच्या, पण चार हात फिरून आलेल्या गाडीपेक्षा तिला बरीच अधिक किंमत मिळते, आणि ती मिळणे रास्तही आहे. कारण कारखान्यात बोल्ट कसा आवळला जाई, रंग कुठे पातळ राहत असे आणि वायरींचा जुडगा कुठून कसा फिरवला जाई, हे जशाच्या तसे दाखवणाऱ्या गाड्या आता फार थोड्या उरल्या आहेत. मात्र कमी चालल्याचा दावा करणे जितके सोपे, तितकेच तो सिद्ध करणे अवघड असते. म्हणून गाडी पाहायला मी ज्यांच्यासोबत जातो त्यांना निघण्यापूर्वीच सांगतो की, ओडोमीटरचा आकडा हा पुरावा नसून तो केवळ एका पक्षाचा जबाब आहे. बाकीचे साक्षीदार गाडीतच बसलेले असतात. त्यांना विचारायचे कसे, एवढेच आपल्याला शिकायचे आहे.

मी डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. इथल्या ट्रॉय आणि नोव्हाय परिसरात मोटार उद्योगात काम करणारी मराठी कुटुंबे बरीच आहेत, आणि ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ ही जुन्या गाड्यांची मिरवणूक भरली की त्यांतल्या कोणाला तरी जुन्या गाडीचा मोह होतो. मला तो मोह चांगलाच ठाऊक आहे. पण मोहाच्या भरात इसार देऊन बसलेली माणसेही मी पाहिली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

उदाहरणासाठी १९६९ची जीटीओ घेण्याला कारण आहे. १९६४ साली जीटीओ आली ती टेम्पेस्ट लमान्स या मध्यम आकाराच्या गाडीवरचा एक पर्याय म्हणून, ३८९ घनइंचांचे मोठे व्ही-८ इंजिन घेऊन. आणि अमेरिकन मसल कारचे युग तिथपासून मोजण्याचा प्रघात आहे. १९६६ ते १९७१ या काळात ती स्वतंत्र मॉडेल म्हणून विकली गेली. १९६९ साली तिच्यात ४०० घनइंचांचे, ३५० अश्वशक्तीचे इंजिन मूळचेच असे. त्याच वर्षी ‘द जज’ हा पर्याय आला, ज्यात ३६६ अश्वशक्तीचे रॅम एअर थ्री इंजिन येई आणि जादा पैसे मोजल्यास ३७० अश्वशक्तीचे रॅम एअर फोर मिळे. त्या वर्षी ७२,२८७ जीटीओ बनल्या, त्यांत जज फक्त ६,८३३. साध्या जीटीओवर पट्टे चिकटवून आणि मागे स्पॉयलर बसवून तिला जज म्हणून विकण्याचा प्रकार का वाढला, हे या दोन आकड्यांवरून कळते.

घरातून निघण्यापूर्वी

विक्रेत्याकडून सर्वप्रथम गाडीचा व्हिन, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, मागावा. तो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याची गाडी पाहायला जाऊ नये. १९६९च्या गाडीचा व्हिन तेरा अक्षरांचा असतो आणि डॅशबोर्डवर चालकाच्या बाजूला, पुढच्या काचेतून बाहेरून वाचता येईल अशा पट्टीवर असतो. हार्डटॉप, म्हणजे पक्क्या छताच्या, जीटीओचा क्रमांक २४२३७९ असा सुरू होतो. पहिला २ म्हणजे पॉन्टिअ‍ॅक, ४२ म्हणजे जीटीओ, ३७ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप आणि ९ म्हणजे १९६९. उघडणाऱ्या छताची कन्व्हर्टिबल असल्यास ३७च्या जागी ६७ येतो. त्यानंतरचे इंग्रजी अक्षर कारखान्याचे असते, जसे पी म्हणजे पॉन्टिअ‍ॅक गाव, बी म्हणजे बाल्टिमोर, आर म्हणजे टेक्सासमधील आर्लिंग्टन. आणि शेवटचे सहा आकडे अनुक्रमांकाचे. सुरुवातीला २४२ नसेल तर ती गाडी जन्माने जीटीओ नाही, मग तिच्यावर कितीही बिल्ले असोत. मात्र इंजिन कोणते होते आणि गाडी जज होती की नाही, हे या क्रमांकावरून कळत नाही.

ते कळते पॉन्टिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस (पीएचएस) या संस्थेच्या कागदावरून. पॉन्टिअ‍ॅकचा ब्रँड २०१० साली बंद झाला, पण कारखान्याच्या बिलांच्या नोंदी जपल्या गेल्या, आणि पीएचएस शुल्क घेऊन व्हिनप्रमाणे मूळ बिलाची प्रत देते. त्यावर गाडी कोणत्या डीलरकडे गेली, केव्हा गेली, कोणते इंजिन, कोणता गिअरबॉक्स, कोणते पर्याय बसवले आणि त्यांची किंमत किती लावली, हे सारे असते. विक्रेत्याने दाखवलेली प्रत अस्सल असू शकते, तरीही स्वतःच्या नावाने नवी प्रत मागवावीच. होणाऱ्या खर्चाच्या मानाने ही रक्कम काहीच नाही, आणि ज्या गाडीच्या बिलावर जजचा उल्लेख नाही ती जज नव्हे, एवढा निकाल घरबसल्या लागतो.

व्हिनवरून गाडीचा इतिहास काढून देणाऱ्या नेहमीच्या सेवांचा इथे उपयोग नाही. सतरा अक्षरी व्हिनची पद्धत १९८१च्या मॉडेलपासून सुरू झाली आणि त्या सेवा त्याच पद्धतीवर उभ्या आहेत. शिवाय इतक्या जुन्या गाडीला मालकी बदलताना ओडोमीटरची नोंद देण्याच्या संघराज्य कायद्यातून सूट आहे, त्यामुळे टायटलवर (गाडीच्या मालकीच्या सरकारी कागदावर) मैलांचा आकडा असला तरी तो कोणी तपासलेला नसतो.

एकच मालक, म्हणजे नेमके काय

या शब्दांचा अर्थ विक्रेत्याला शांतपणे विचारावा. मूळ मालक हयात आहे आणि स्वतः गाडी विकतो आहे, ही सर्वांत निर्मळ परिस्थिती. मालक वारला असून मुले विकत आहेत, हेही ठीक आहे. फक्त गाडी विकण्याचा अधिकार त्यांना आहे असे न्यायालयाचे वारसासंबंधीचे कागद पाहावेत. पण बऱ्याचदा असे आढळते की एखाद्या व्यापाऱ्याने मूळ मालकाकडून गाडी घेऊन सहा महिन्यांनी ती ‘एकाच मालकाची’ म्हणून बाजारात आणलेली असते आणि टायटल अजून जुन्याच नावावर असते. अशा व्यवहारात विकणाऱ्याचे नाव कागदावर कुठेच नसल्याने पुढे काही निघाले तर दाद मागायला माणूस सापडत नाही. टायटलवरचे नाव आणि समोरच्या माणसाचे ओळखपत्र जुळलेच पाहिजे.

मूळ मालकीचा खरा पुरावा म्हणजे कागदांची जुनी थैली. डीलरने दिलेले विक्रीचे बिल, कर्जाच्या हप्त्यांची पावती, मालकाची पुस्तिका, वॉरंटीची पुस्तिका, जुनी नोंदणीपत्रे, विम्याचे कागद, ऑइल बदलल्याच्या पावत्या. यांतला प्रत्येक कागद हातात घेऊन वाचावा, कारण गॅरेजच्या पावत्यांवर तारीख आणि मैल दोन्ही लिहिण्याची पद्धत होती. १९७१ची पावती ९,००० मैलांची, १९७६ची १७,००० मैलांची आणि १९८४ची २१,००० मैलांची असेल, आणि आजचा आकडा २३,००० असेल, तर ती एक सलग गोष्ट होते. पेन्सिल्व्हेनिया, न्यू यॉर्क किंवा मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत दरवर्षी गाडीची तपासणी होत असल्याने तिथल्या गाड्यांबरोबर असे कागद अधिक मिळतात. आमच्या मिशिगनमध्ये तशी तपासणी नाही. कागद अजिबातच नसतील तर गाडी खोटी ठरत नाही, पण कमी मैलांसाठीची जादा किंमत मग कशासाठी द्यायची, हा प्रश्न उरतो, आणि माझ्या मते ती देऊ नये.

क्रमांक आणि तारखा

इंजिन मूळचे आहे का, हे पाहण्यासाठी बॉनेट उघडून इंजिनच्या पुढच्या बाजूला, प्रवाशाच्या अंगाला, सिलिंडर हेडच्या खाली पाहावे. तिथे दोन अक्षरी कोड ठोकलेला असतो. १९६९च्या साध्या ४०० इंजिनावर मॅन्युअल गिअरसाठी डब्ल्यूटी आणि ऑटोमॅटिकसाठी वायएस. रॅम एअर थ्रीवर डब्ल्यूएस किंवा वायझेड. रॅम एअर फोरवर डब्ल्यूडब्ल्यू किंवा एक्सपी. त्याच बाजूला, टायमिंग कव्हरजवळ, गाडीच्या व्हिनचा भाग ठोकलेला असतो: पॉन्टिअ‍ॅकचा २, वर्षाचा ९, कारखान्याचे अक्षर आणि सहा आकडे. हे आकडे डॅशबोर्डवरच्या पट्टीशी तंतोतंत जुळले पाहिजेत. जागा तेलकट आणि काजळलेली असते, म्हणून चिंधी, थोडे ब्रेक क्लीनर आणि विजेरी बरोबर न्यावी. आकड्यांखालचा धातू आजूबाजूच्या धातूपेक्षा गुळगुळीत, घासल्यासारखा दिसला किंवा आकडे फारच ताजे आणि धारदार वाटले, तर कोणीतरी जुने घासून नवे ठोकले असण्याची दाट शक्यता आहे.

नंतर तारखांची उतरंड लावावी. इंजिनच्या ब्लॉकवर मागच्या बाजूला, डिस्ट्रिब्यूटरजवळ, ओतकामाची तारीख उठावात असते. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी या क्रमाने महिना, मग दिवस आणि वर्षाचा शेवटचा आकडा. फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि प्रवासी यांमधल्या आडव्या भिंतीवरच्या, पत्र्याच्या पट्टीवर बॉडी बनल्याचा काळ असतो: ०२बी म्हणजे फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. रॉचेस्टरच्या क्वाड्राजेट कार्ब्युरेटरवरचा क्रमांक १९६९च्या गाडीत ७०२९ने सुरू होतो. बाजूच्या काचांवर आणि सीटबेल्टच्या चिठ्ठ्यांवरही तारखा असतात. सुटे भाग आधी बनतात, गाडी नंतर जोडली जाते आणि बिल त्याच्याही नंतर फाडले जाते. हा क्रम कुठेही उलटा झाला तर तो भाग मागाहून बसवलेला आहे. पुढची काच बदललेली असणे साहजिक आहे, त्याचा बाऊ करू नये. पण तेवीस हजार मैल चाललेल्या गाडीच्या चारही काचा चार वेगवेगळ्या सालांच्या असतील तर तिच्या आयुष्यात काहीतरी घडलेले आहे.

व्हिनची पट्टी ज्या रिव्हेटांनी बसवलेली असते त्यांचे डोके फुलाच्या पाकळ्यांसारखे असते. ते साधे गोल असतील, किंवा त्यांच्याभोवती ओरखडे असतील, तर तिथेच थांबावे. व्हिनचा भाग चेसिसच्या फ्रेमवरही, चालकाच्या बाजूला मागे ठोकलेला असतो. गाडी लिफ्टवर चढवल्यावर तो शोधावा.

मैलांचे साक्षीदार

या गाडीचा ओडोमीटर पाच आकड्यांचा आहे. ९९,९९९नंतर तो पुन्हा शून्यावर येतो, म्हणजे १९,४०० दाखवणारी गाडी १,१९,४०० मैल चाललेली असू शकते, आणि त्यासाठी कोणी लबाडी केलेली असण्याचीही गरज नसते.

काही वर्षांपूर्वी एका स्नेह्यासाठी ओहायोमध्ये नेमका हाच आकडा दाखवणारी एक हिरवी जीटीओ पाहायला गेलो होतो. सीटची कव्हरे सुरेख होती, कार्पेट स्वच्छ होते, ब्रेकच्या पेडलचे रबर कोरे होते. इतके कोरे रबर पाहूनच मला शंका आली, कारण गॅस पेडलची पट्टी मात्र उजव्या कडेला गुळगुळीत झाली होती. मी चालकाचे दार अर्धे उघडले, खालच्या कडेला हात घालून वर उचलले, तर ते बिजागरीवर बोटभर हलले आणि टक्क असा आवाज आला. प्रवाशाचे दार तसेच उचलून पाहिले, ते जागचे हलले नाही. एका दाराची बिजागरी इतकी झिजायला ते हजारो वेळा उघडझाप करावे लागते. शेवटी ग्लोव्ह बॉक्समधला पुठ्ठा बाजूला केला तेव्हा मागे अडकलेली ऑइल बदलाची एक चिठ्ठी मिळाली, १९७५ सालची, तिच्यावर ६८,००० मैल लिहिले होते. विकणारा गृहस्थ मूळ मालकाचा पुतण्या होता आणि त्याला खरोखरच काही ठाऊक नव्हते. चिठ्ठी पाहून तोही गप्प झाला. गाडी वाईट नव्हती, पण सांगितलेल्या किमतीची नव्हती, आणि माझ्या स्नेह्याने ती घेतली नाही.

तेव्हापासून मी जी ठिकाणे सहसा कोणी बदलत नाही तीच आधी पाहतो. दाराच्या चौकटीतला स्ट्रायकर (दाराची कडी ज्यावर अडकते तो खिळा) आणि त्यावर पडलेली खाच. काच वरखाली करण्याच्या दांडीची मूठ. स्टिअरिंगच्या मागच्या बाजूची पकड, जिथे बोटे टेकतात. स्टिअरिंगच्या दांड्यावरचे किल्लीचे भोक, कारण १९६९पासून पॉन्टिअ‍ॅकची मूळ कंपनी जनरल मोटर्स (जीएम) हिच्या गाड्यांत किल्ली डॅशबोर्डवरून तिथे आली आणि जुडग्यातल्या बाकीच्या किल्ल्यांनी भोकाखाली अर्धगोलाकार ओरखडे पडतात. डिकीत जुना सुटा टायर आणि जॅक आहेत का, डिकीच्या झाकणाखाली जॅक कसा लावावा हे सांगणारा कागद टिकला आहे का. पुढच्या पत्र्यावर, हेडलाइटभोवती खड्यांचे टवके किती आहेत. यांपैकी एकट्या खुणेवरून निर्णय करू नये. पण सगळ्या खुणा एकाच वयाच्या दिसायला हव्यात. नव्या वस्तूंमध्ये एखादी झिजलेली वस्तू, किंवा झिजलेल्यांमध्ये एखादी कोरी वस्तू दिसली की तिथे प्रश्न विचारावा.

रंग, पत्रा आणि गंज

मूळ रंग असल्याचा दावा असेल तर रंगाची जाडी मोजणारे यंत्र घेऊन जावे. जीएम त्या काळी अ‍ॅक्रिलिक लॅकर वापरत असे आणि कारखान्याच्या रंगाची जाडी साधारण ७५ ते १५० मायक्रॉन भरते. पुन्हा रंगवलेल्या भागावर ती याहून बरीच वाढते, आणि पुट्टी भरलेली असेल तर यंत्र एकदम कित्येक पटींचा आकडा दाखवते. प्रत्येक पत्र्यावर पाच-सहा ठिकाणी मोजून कागदावर लिहीत जावे. एखाद्या फेंडरचा रंग पूर्वी कधीतरी डेंटिंग-पेंटिंग करून घेतलेला असणे हे पाप नाही, फक्त ते सांगितलेले असावे. मूळ रंग नितळ नसतो हेही लक्षात असू द्यावे. त्यावर बारीक तडे गेलेले असतात, कडांवर तो पातळ होऊन खालचा प्रायमर डोकावतो, आणि डिकीच्या आतला ठिपकेदार रंग तर कारखान्यातूनच ओबडधोबड येत असे. आरशासारखी चकाकणारी ‘मूळ रंगाची’ गाडी पाहून मला आनंद होण्याऐवजी काळजीच वाटते.

पुढच्या बंपरबद्दल वेगळे सांगायला हवे. १९६८पासून जीटीओला एन्ड्युरा नावाचा, गाडीच्याच रंगाचा लवचीक बंपर येऊ लागला. त्यावरचा रंग पत्र्यावरच्या रंगाशी पूर्ण जुळत नाही आणि वर्षांनुवर्षांनी त्याला भेगा पडतात. तेवढ्यावरून अपघाताचा निष्कर्ष काढू नये. अपघात पाहायचा असेल तर बंपरच्या मागचे आधार, रेडिएटरची चौकट आणि फ्रेमची पुढची टोके पाहावीत.

गंज मात्र क्षमा करत नाही. डेट्रॉइट शहराच्या पोटातच मिठाची खाण आहे आणि आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर ते मीठ मुबलक पसरले जाते, त्यामुळे गाडीने पहिली दहा वर्षे कुठे काढली हे मैलांइतकेच महत्त्वाचे असते. पीएचएसच्या बिलावरचा डीलर कोणत्या राज्यातला होता हे म्हणूनच वाचावे. या बांधणीच्या गाड्यांत मागच्या काचेच्या खालच्या खोबणीत पाणी साचते, तिथला पत्रा सडतो आणि पाणी डिकीत उतरून तळ व त्याच्या दोन्ही बाजूंचे खोलगट भाग खाते. छतावर व्हिनाइलचे आवरण असेल तर ओलावा त्याखाली दडून राहतो. व्हिनाइलवर हात फिरवताना फुगवटे लागले तर खाली गंज आहे असे समजावे. याशिवाय मागच्या चाकांमागचा पत्रा, पुढच्या फेंडरांची खालची टोके, पायाखालचा तळ आणि मागच्या अ‍ॅक्सलवरून वळण घेऊन जाणारी फ्रेम, ही ठिकाणे लिफ्टवर चढवून, विजेरीच्या उजेडात, बोटाने दाबून पाहावीत. खालून नुकताच काळा डांबरी थर मारलेला असेल तर तो कशासाठी मारला, हे विचारावे. अ‍ॅरिझोनासारख्या कोरड्या प्रदेशातली गाडी गंजापासून वाचते, पण तिथले ऊन डॅशबोर्ड, रबर आणि सीट यांचा बळी घेते.

उभ्या गाडीचे दुखणे

समजा, सगळे साक्षीदार जुळले आणि गाडी खरोखरच तेवीस हजार मैल चाललेली निघाली. आता दुसरा प्रश्न सुरू होतो, आणि नवखे ग्राहक नेमका हाच विसरतात. पन्नासहून अधिक वर्षांत तेवीस हजार मैल, म्हणजे ही गाडी आयुष्यातला बहुतेक काळ उभी होती. धातू चालल्याने झिजतो, पण रबर, दोरा, नायलॉन आणि द्रव पदार्थ नुसत्या काळाने खराब होतात.

पॉन्टिअ‍ॅकच्या या इंजिनात कॅमशाफ्टच्या चाकावर आवाज कमी व्हावा म्हणून नायलॉनचे दाते बसवलेले असत. उष्णतेने आणि वयाने ते ठिसूळ होतात, तुटून ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात, आणि मग टायमिंग चेन उडी मारते. गाडी किती चालली याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील दोरीचे असते. वर्षानुवर्षे कोरडे राहिल्याने ते आकसते आणि गाडी पुन्हा वापरात आणताच गळू लागते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर आतून गंजतात. पेट्रोल टाकीत सडून वार्निशसारखे चिकट होते. टाकीचे झाकण काढून वास घेतला तरी समजते. जुन्या रबरी नळ्या आजच्या इथेनॉल मिसळलेल्या इंधनापुढे टिकत नाहीत, आणि आगीचा धोका असल्याने त्या बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणूच नये. मूळचे टायर असतील तर त्यांचे मोल फार आहे, पण ते प्रदर्शनापुरते. त्यांवर मैलभरही गाडी चालवू नये. आणि सीटखाली, हीटरच्या पेटीत, एअर क्लीनरच्या डब्यात उंदरांची घरटी शोधावीत, कारण वायरी कुरतडलेल्या असतील तर त्याचा शोध घेता घेता नाकी नऊ येतात.

म्हणून विक्रेता अभिमानाने म्हणाला की ‘तीस वर्षांत हात लावलेला नाही’, तर त्या वाक्याचा खर्च मनात मांडावा. ज्या मालकाने गाडी थोडी, पण दर महिन्याला चालवली, ऑइल बदलले, ब्रेक पाहिले आणि पावत्या ठेवल्या, त्याची तीस हजार मैलांची गाडी मी कोठारात झाकून ठेवलेल्या नऊ हजार मैलांच्या गाडीपेक्षा आधी पसंत करीन.

सुरू करून पाहताना

विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे की आपण येण्यापूर्वी इंजिन गरम करू नये. पोहोचल्यावर बॉनेट उघडून हाताने ते थंड असल्याची खात्री करावी. बरीच वर्षे बंद असलेली गाडी आपल्यासमोर चटकन सुरू करून दाखवण्याचा आग्रह धरू नये. जुने पेट्रोल काढून, ऑइल बदलून आणि इंजिन आधी हाताने फिरवूनच ती सुरू करणे गाडीच्या हिताचे आहे. चालती गाडी असेल तर सुरू होतानाचा धूर पाहावा. क्षणभर निळसर धूर निघून थांबला तर व्हॉल्व्हची सील वाळलेली आहेत, ते काम आटोक्यातले आहे. धूर निघतच राहिला तर कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. आठही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ असावेत. एखादा बाकीच्यांपेक्षा पंधरा टक्क्यांहून अधिक खाली असेल तर कारण शोधावे लागेल. क्वाड्राजेटच्या तळाचे बूच गळत असतील तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सुरू व्हायला कुरकुरते.

रस्त्यावर नेल्यावर गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढते का, चढावर जोर लावला की इंजिनातून खडखड येते का, हे पाहावे. या इंजिनाचे कॉम्प्रेशन १०.७५ला १ आहे आणि ते त्या काळच्या शिसेयुक्त पेट्रोलसाठी बनलेले आहे. आजचे सर्वांत उंच ऑक्टेनचे पेट्रोल भरूनही खडखड येत असेल तर इग्निशनचे टायमिंग नीट लावून घ्यावे लागते. झाकलेले हेडलाइट असल्यास इंजिन बंद केल्यावर त्यांची झाकणे किती वेळ जागेवर राहतात ते पाहावे, कारण ती व्हॅक्युमवर चालतात आणि लगेच लोंबू लागली तर कुठेतरी नळी फुटलेली आहे.

दुसऱ्या बनावटीच्या गाडीचा विचार असेल तर पद्धत हीच, कागद मात्र निराळे. फोर्डच्या १९६७पासूनच्या गाड्यांसाठी कारखान्याच्या नोंदींवरून काढलेला मार्टी रिपोर्ट मिळतो, आणि त्यांच्या व्हिनमधले पाचवे अक्षर इंजिन सांगते. क्रायस्लरच्या गाड्यांतही पाचवेच अक्षर इंजिनाचे. १९७०च्या, हेमी नावाच्या इंजिनाच्या गाडीत ते आर असते. शेव्हरोलेच्या अमेरिकेत विकलेल्या गाड्यांची अशी मध्यवर्ती नोंद मिळत नाही, आणि १९६९पासून शेवेल एसएस हा नुसता पर्याय असल्याने व्हिनवरून ती ओळखता येत नाही. तिथे सीटच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोलच्या टाकीवर अडकलेला कारखान्याचा बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचे याची यादी) सापडणे, हाच मोठा आधार.

व्यवहार

आपल्या डोळ्यांवर कितीही विश्वास असला तरी त्याच बनावटीच्या गाड्यांवर काम करणाऱ्या, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या एका जाणकाराकडून गाडी तपासून घ्यावी, आणि त्याचा अहवाल येईपर्यंत इसार देऊ नये. द्यावाच लागला तर तो परत मिळण्याची अट लेखी घ्यावी. टायटलवर बँकेचा बोजा नोंदलेला आहे का, ते पाहावे. काही राज्ये फार जुन्या गाड्यांना टायटल देतच नाहीत, तिथे नोंदणीपत्र आणि बिल ऑफ सेल (विक्रीपत्र) यांवर व्यवहार होतो, तेव्हा आपले राज्य ते स्वीकारील का, याची चौकशी आधीच करावी. विमा ठरलेल्या किमतीचा काढावा, नाहीतर अपघातानंतर जुन्या गाडीची भंगाराची किंमत हातात पडते.

गाडी घरी आल्यावर पहिल्या महिन्यात काय करू नये, हे मी फार कळकळीने सांगतो. रंग देऊ नये. सीटची कव्हरे बदलू नयेत. इंजिनच्या खोलीत दाबाने पाणी मारू नये, कारण खडूने केलेल्या कारखान्याच्या खुणा आणि कागदी चिठ्ठ्या त्या एका धुण्यात वाहून जातात. अमेरिकेतील अँटिक ऑटोमोबाइल क्लबमध्ये मूळ अवस्थेत टिकलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र वर्ग आहे, आणि एकदा पुसलेली खूण कोणत्याही पैशाने परत आणता येत नाही. सुरक्षिततेसाठी ब्रेकच्या नळ्या, इंधनाच्या नळ्या, टायर आणि टायमिंगचे चाक बदलावेच लागेल. ऑइल निवडताना जस्ताचे प्रमाण अधिक असलेले घ्यावे, कारण या जुन्या पद्धतीच्या कॅमशाफ्टला त्याची गरज असते. काढलेला प्रत्येक भाग मात्र टाकून न देता पिशवीत घालावा, त्यावर तारीख आणि ओडोमीटरचा आकडा लिहावा, आणि मूळ मालकाच्या पावत्या ज्या थैलीत आहेत त्याच थैलीत आपली पहिली पावती ठेवावी.